अक्का, तू प्रश्न वळवायचीस

अक्का, घरात बसवत नाही. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गाडीनं गेले, आणि मी सकाळपासून केशवापूरच्या या घरातून बाहेर पडतो, रेल्वेच्या फाटकापर्यंत जातो, परत येतो. सुशीला म्हणते, "बसा की जरा." बसतो. लगेच उठतो. बसलो की कुणीतरी दुखवट्याला येतं, आणि येणारा प्रत्येकजण तेच विचारतो, "कशानं गेल्या हो अक्का?"

तू असतीस तर या प्रश्नाचं काय केलं असतंस ते मला पक्कं ठाऊक आहे. विचारणाऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला असतास आणि त्याच्या जावयाच्या बदलीची चौकशी केली असतीस. तासाभरानं तो बदलीचं सगळं रामायण सांगून, समाधानानं घरी गेला असता. आपण काय विचारायला आलो होतो हे त्याला फाटकापाशी आठवलं असतं.

मला ते जमत नाही. तू एवढी वर्षं रोज माझ्यासमोर करत होतीस, तरी मी शिकलो नाही. आणि गंमत बघ, त्याला नाव मात्र मीच दिलं होतं.

मी पुलांच्या कचेरीत नुकता लागलो होतो, नकाशे काढायला. साहेबानं पहिल्यांदा पूल तपासायला बरोबर नेलं, त्या दिवशीची हकीकत घरी येऊन मी तुला सांगत होतो. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस.

"डिफ्लेक्शन? म्हणजे काय रे, दत्तू?"

"पुलावर इंजिन आणून उभं करतात. भारानं गर्डर थोडा खाली येतो. किती आला ते खाली बसून मोजायचं. तेच डिफ्लेक्शन."

"मग वाकणं म्हण की. एवढ्यासाठी विलायतेहून शब्द कशाला आणायचा?"

"नुसतं वाकणं नव्हे, अक्का. होकायंत्राजवळ लोखंड नेलं की सुई सरकते, तेही डिफ्लेक्शन. चेंडू दगडावर आपटून भलतीकडं गेला, तेही डिफ्लेक्शनच."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिच्यावर पाण्याचा हात फिरवलास आणि जरा विचार केलास.

"म्हणजे जायचं होतं एकीकडं, मधे कायतरी आलं म्हणून गेलं दुसरीकडं."

"अगदी तसंच."

"मग ते मला येतं," तू म्हणालीस.

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतीस. पण त्याच संध्याकाळी शेजारची गंगव्वा परड्याच्या दारातून आली. गौरी-गणपती जवळ आले होते. तिनं उंबऱ्यावर बसता बसता कानडीत विचारलं, "यजमान्रु बरतारेनु, अक्का? सणाला तरी येणार की नाही तुमचे यजमान?" आई आतल्या खोलीतून दारापाशी आली. मी ताटावरून मान वर केली. तू मात्र हातातलं सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "अय्य गंगव्वा, मी तुलाच विचारणार होते. निम्म एम्मी ह्यांगैती? म्हैस कशी आहे तुझी?"

झालं! गंगव्वाची म्हैस त्या आठवड्यात चारा सोडून बसली होती. म्हशीवरून ती गुरांच्या डॉक्टरावर गेली, डॉक्टरावरून आपल्या नवऱ्याच्या आळसावर, आणि दिवेलागणीला डोळे पुसत, तुझे उपकार मानत उठली. ती गेल्यावर तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "हे बघ तुझं डिफ्लेक्शन."

त्या दिवसापासून तो शब्द आपल्या घरचा झाला. आई त्याला 'डिप्लेक्शन' म्हणायची आणि स्वतःच सगळ्यांत जास्त करायची. "औषध घेतलंस का?" विचारलं की म्हणायची, "मांजर दुधाकडं बघतंय बघ." आणि आपण दोघं एकदम ओरडायचो. टांगेवाल्यानं चिखल चुकवायला घोडा दुसऱ्या गल्लीत घातला, तर डिफ्लेक्शन. धारवाडच्या काकांनी माझ्यासाठी आणलेलं स्थळ तू पत्रिकेचं निमित्त करून परत पाठवलंस, तर डिफ्लेक्शन. सुशीला या घरात नवी आली तेव्हा तिला वाटलं, हा या माणसांच्या घरातला काहीतरी जुना आजार आहे. तिनं माहेरी तसं सांगितलंही होतं.

तू मराठी शाळेत शिकवायला लागलीस तशी तुला या शब्दाची टोचणी लागली. आपल्या भाषेत याला शब्द कसा नाही? मी म्हटलं, 'विचलन' म्हण. तू म्हणालीस, "हा सोवळ्यातला शब्द आहे. याला शिवायची चोरी." 'बगल देणं' तुला पटेना, त्यात लबाडी आहे म्हणायचीस. 'टाळणं' म्हणजे भ्यालेल्या माणसाचं काम. 'हुलकावणी' म्हणजे पोरांचा खेळ. मी चिडून म्हटलं, "सरळ उडवाउडवी म्हण ना. गंगव्वाच्या कानडीत त्याला 'हारिके उत्तर' म्हणतात. दोन्हीकडं उत्तर उडतंच."

"पण मी उडवत कुठं रे? मी वळवते," तू म्हणालीस. "समोरच्याला दुसरी बरी वाट दाखवते. उडवलं की माणूस दुखावतो. गंगव्वा दुखावून गेली का?"

तो वाद तसाच राहिला, अक्का. तू वहीला कव्हर घालता घालता, मध्येच मान वर करून एखादा नवा शब्द टाकायचीस, मी तो खोडायचो.

पण त्या शब्दाच्या मागचा वाद वेगळा होता, आणि तो आपण एकदाच मोकळेपणानं केला. धारवाडला काकांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात बायकांनी तुला घेरलं. "अजून कंपनीतच असतात का ते?" "काही कळवतात का?" "सांगलीला असतात असं ऐकलं, खरं का?" तू कुणाला वरमाईच्या शालूकडं वळवलंस, कुणाला जिलबीच्या पाकाकडं. मी पुरुषांच्या पंगतीतून ते बघत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. संध्याकाळी मी तुला केलगेरीच्या तळ्यावर घेऊन गेलो. तळ्याच्या बांधावर वारा एवढा होता की तू पदर डोक्यावर धरून चालत होतीस.

सगळ्यांना ठाऊक होतं. दाजी नाटक कंपनीत पेटी वाजवायला म्हणून गेले, तुला "चार दिवस माहेरी राहा" म्हणून आमच्या दारात सोडलं, आणि ते चार दिवस कधी संपले नाहीत. सांगलीला त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलं होतं. आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, लग्नातल्या त्या बायकांनाही ठाऊक होतं. आणि तुला तर आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"मी उद्याच्या गाडीनं सांगलीला जातो," मी म्हणालो. "चारचौघांत गचांडी धरून विचारतो."

"वारा किती सुटलाय बघ."

"अक्का, मला वळवू नको! तू सगळ्यांशी खोटं बोलतीस, आता माझ्याशीही?"

तू थांबलीस. तुला मी कधी रागावलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशीही तुझा आवाज चढला नाही, पण तू पदर सोडून दिलास आणि तो वाऱ्यावर गेला तो सावरलाच नाहीस.

"खोटं कधी बोलले मी? ते येणार असं मी कधी कुणाला सांगितलं? मी फक्त म्हशीचं विचारलं, शालूचं विचारलं. दत्तू, जी बाई मला विचारती ना, तिला उत्तर ठाऊक असतं. तिला माझं तोंड बघायचं असतं, उत्तर देताना कसं होतं ते. ते मी तिला बघू देत नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

"आणि मी? मलाही तुझं तोंडच बघायचं असतं का?"

"तुला बघायचं नसतं, तुला काहीतरी करायचं असतं. ते आणखी वाईट. होगली बिडु. जाऊ दे. चल, पंगत बसली असेल."

मी सांगलीला गेलो नाही. पण मला पटलंही नाही. मला वाटायचं, माणसानं एकदा तरी छातीवर घ्यावं. सरळ म्हणावं, नवऱ्यानं मला टाकलं, आता बोला काय बोलायचं ते. आज तू नाहीस, आणि फाटकापर्यंत चालताना मी तुझ्याशी हाच वाद घालतोय. वाटेतले लोक बघतात. रेल्वेचा जुना गँगमन काल थांबून म्हणाला, "साहेब, कुणाशी बोलताय?" मी त्याला काय सांगू?

मग बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकेक करून मोडल्या. एका रविवारी दुपारी सोप्यावर एक माणूस येऊन बसला. गालफडं बसलेली, केस पांढरे, शेजारी एक पत्र्याची ट्रंक. मी ओळखलं नाही. सुशीलानं तर दाजींना कधी पाहिलंच नव्हतं, तिनं पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "दत्तू, किती मोठा झालास रे," आणि आवाजावरून मी ओळखलं. मी ताडकन उठलो. पण बोलायला तोंड उघडणार एवढ्यात तू आलीस. मुलींच्या गॅदरिंगच्या तालमीला गेली होतीस, हातात छत्री होती.

तू त्यांना बघितलंस. छत्री कोपऱ्यात उभी केलीस.

"मी परत आलोय," दाजी म्हणाले. "तिकडचं सगळं संपलं. झालं गेलं विसरू. आता या वयात आपलं माणूस आपल्याजवळ असावं असं वाटतं."

मी वाट बघत होतो, तू आता म्हणणार, चहा टाकते. किंवा विचारणार, कंपनीच्या पडद्यांचं काय झालं. आपल्या घरात एवढा मोठा प्रश्न कधी आला नव्हता आणि तो तू कुठं वळवतीस ते मला बघायचं होतं.

तू म्हणालीस, "मला तुमच्याबरोबर राहायचं नाही."

दाजी हसले, कसनुसं. "राग आहे ना अजून?"

"होता. पुष्कळ वर्षं होता. आता नाही, म्हणून सांगायला जमतंय."

"मग मी जाऊ कुठं?"

"ते मला माहीत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक मला विचारत आले इतकी वर्षं. आता तुम्हाला विचारतील."

माझ्या तोंडून शिवी निघाली. तू हात वर करून मला गप्प केलंस. "दत्तू, तुझं इथं काम नाही." मग त्यांच्याकडं वळून म्हणालीस, "उन्हातून आलाय. जेवून जा." आणि खरंच पान वाढलंस. आमटी, भात, शेंगाचटणी. ते खाली मान घालून जेवले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. फाटकापर्यंत ट्रंक मीच नेऊन दिली, आणि वाटेत त्यांना बोलायला ठरवलेलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तू आधीच सगळं बोलून टाकलं होतंस.

परत आलो तर तू स्वैपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस. सुशीलाला म्हणालीस, "आज भांडी तू घास गं. माझ्या हातात काही राहीना." मी शेजारी बसलो. म्हटलं, "अक्का, एवढं सरळ तुला बोलता येतं, मग आजवर का नाही बोललीस?"

तू म्हणालीस, "आमटीत मीठ जास्त झालं होतं का रे?"

मी हसलो. तूही हसलीस आणि मग बराच वेळ रडलीस. मी तुला रडताना पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी मला वाटलं की आता तुला वळवायची गरज उरली नाही. आता आपल्यात सगळं सरळ.

तिथं मी चुकलो. तू माझा भाऊपणा ओळखून होतीस. मला कुठं वळवायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेना, गाड्या शिपायांनी भरून जायला लागल्या, मला कचेरीतून घरी यायला उशीर व्हायला लागला. तू बारीक होत होतीस. डावा हात अंगाला धरून चालायला लागलीस. फळ्यावर लिहून खांदा धरलाय म्हणालीस. "डॉक्टरांना दाखवू या," मी म्हणालो. तू विचारलंस, "दत्तू, तो घटप्रभेचा पूल नवा बांधणार म्हणे, खरं का?"

आणि मी सांगत सुटलो. अक्का, मी सांगत सुटलो! पायाचा खडक, गर्डर कुठून येणार, साहेबाचा आणि माझा हिशेब कसा जुळत नाही. तू गालाला हात लावून ऐकत बसलीस, मधेच "हो का?" म्हणत. गंगव्वाची म्हैस होती, माझे पूल होते. हे मला आता कळतं आणि मी जागेवरून उठतो, बाहेर जातो, परत येतो.

शेवटी सुशीलानं बघितलं, तू न्हाऊन निघताना. तिनं तुझं काही ऐकलं नाही. त्या दिवशी मी कचेरीतून आलो तर ती दारातच उभी होती. "अक्कांच्या छातीत गाठ आहे. मोठी. आज उद्या करू नका." मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मला बाजूला घेऊन सांगितलं की आणायला उशीर झाला.

परतीच्या गाडीत तुला खिडकीशी जागा मिळाली. डब्यात शिपाई होते, त्यांच्या ट्रंका होत्या, एक म्हातारी तुझ्या पायाशी बसली होती. कृष्णेच्या पुलावर गाडी हळू झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा पुलाकडं बघितलं नाही. तुझ्याकडं बघत होतो. तुझे ओठ घट्ट मिटले होते.

"अक्का, दुखतंय का?"

तू खिडकीतून तोंड आत घेतलंस. माझ्याकडं बघितलंस.

"हो."

"खूप?"

"हो रे. खूप दुखतंय. आणि मला भीती वाटतीय."

एवढी वर्षं मी जे मागत होतो ते तू मला दिलंस. म्हशीशिवाय, पुलाशिवाय, सरळ. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वारा लागतोय तुला. खिडकी लावू का?"

तू जराशी हसलीस. "लाव," म्हणालीस. खिडकी लावेपर्यंत पूल संपला होता.

तू मला सोडवलंस, अक्का. मला जमत नाही हे तुला दिसलं आणि तू मला जाऊ दिलंस. केलगेरीच्या बांधावर मी ज्याला खोटं म्हणत होतो, ते काय असतं ते मला त्या डब्यात कळलं. समोरच्याचं दुखणं अंगावर येतं आणि माणूस सरकतो. लबाडीनं नाही आणि नुसत्या भीतीनंही नाही. पण तेवढ्यानं मी तुझं सगळं मान्य करत नाही. गंगव्वाला वळवलंस ते बरोबर. लग्नातल्या बायकांना वळवलंस तेही बरोबर. मला आणि सुशीलाला वळवलंस ते चूक, चूक, चूक! तू वर्षभर आधी एवढंच म्हणाली असतीस, "दत्तू, इथं काहीतरी लागतंय हाताला," तर आज मी फाटकापर्यंत चकरा मारत नसतो. याला तुझ्याजवळ काय उत्तर आहे? तू बोलणार नाहीस. असतीस तरी मला सुशीलाच्या माहेरचं विचारलं असतंस.

तुझे आभार मानायचे होते ते राहिले. वडील गेल्यावर मला शाळेतून काढायला निघाले होते, ते तू काकांना कुठंतरी वळवून थांबवलंस. कुठं, ते मला कधी कळलं नाही. त्या डब्यात हे सांगता आलं असतं. पुढं महिनाभर तू मधल्या खोलीत पडून होतीस तेव्हाही आलं असतं. आपण हवापाण्याचं बोललो.

परवा, तेराव्याच्या दिवशी, तुझ्या शाळेतल्या बायका जेवायला आल्या होत्या. पानं उठल्यावर त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "कशानं हो गेल्या अक्का? आम्हाला खांद्याचं दुखणं सांगायच्या." सुशीलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "छातीत गाठ होती. बरेच दिवस होती. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

चारचौघांत पुरुषानं असं बोलायची रीत नाही. बायका खाली बघायला लागल्या. धारवाडच्या काकू खाकरल्या. कुणी विषय बदलायला म्हणून पाण्याचा तांब्या मागितला. मी आणखी एकदा सांगितलं, तेच, तसंच.

काल सकाळी त्यांच्यातली मंदाबाई आली. दुसरीच्या वर्गावर शिकवते ती, तूच तिला शाळेत लावलं होतंस. दोन लहान मुलं आहेत तिला. माझ्याशी बोलली नाही, थेट आत सुशीलाकडं गेली. दोघी आत बराच वेळ दार लावून होत्या. सुशीला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, पण पदर खोचलेला होता. म्हणाली, "तिलाही आहे. बारीक आहे अजून, सुपारीएवढी. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं तिनं. तुमचं परवाचं ऐकून झोप लागली नाही म्हणे."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. भला माणूस आहे, पण घाबरला. आधी म्हणाला, शाळेला सुट्टी लागू दे. मग म्हणाला, गाड्यांना फार गर्दी असते हल्ली. मग मला बसायला पाट दिला, आणि विचारलं, "तुम्ही पुलांच्या कचेरीत ना? घटप्रभेच्या पुलाचं काय झालं हो?"

उद्या सकाळच्या गाडीनं सुशीला आणि मी त्या दोघांना घेऊन मिरजेला निघतो आहोत. मी त्याला विषय बदलू दिला नाही, अक्का.